नाव न घेता

आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, आणि मी थांबले की 'तुझ्यासाठी प्रार्थना करते हं' असं तर मुळीच म्हणू नकोस. तू म्हणत नाहीस, माहितीये मला, म्हणून तर तुझ्याकडे आलेय, आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या कोणाकडे गेले असते तर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी डोळे मिटले असते. तर आज सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला मी कात्र्या मोजत होते. आमचं कामच ते, ऑपरेशनची वापरलेली हत्यारं येतात, ती धुवायची, वाळवायची, मोजायची, कापडात बांधायची, वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करायची आणि परत वर पाठवायची. सात कात्र्या हव्या होत्या आणि माझ्या सहाच होत होत्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजत होते, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तो वाजला की थिएटरला काहीतरी हवं असतं आणि आपल्याला आधीच उशीर झालेला असतो. पण आवाज बाहेरचा होता. एक बाई, अगदी गोड, मागे कपबशी ठेवल्याचा आवाज. म्हणाल्या, आमचं वीस खाटांचं छोटं हॉस्पिटल आहे, तुमच्यासारखाच विभाग सुरू करतोय, एक अनुभवी बाई हव्यात, एकींचा अर्ज आलाय, आणि विचारपूस करायला म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय. मग त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं. मला क्षणभर कळलंच नाही हे कोण, कारण आम्ही तिला कधी नावाने हाकच मारली नाही, सगळं हॉस्पिटल तिला आत्या म्हणायचं. आणि कळलं तेव्हा असं झालं, तू जिना उतरतेस आणि शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकतेस आणि ती नसतेच, तसं. त्या म्हणाल्या, 'बाकी सगळं छान आहे हो. फक्त एवढं सांगा, इतकी वर्षं काढून त्या तुमच्याकडून का गेल्या?'

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. किती वेळ ते कोणास ठाऊक, बहुतेक चार-पाच सेकंदच असतील, पण त्या चार-पाच सेकंदांत मी केवढं फिरून आले ते तुला सांगतेय. पहिल्यांदा मला आठवला तो आत्याचा वास, हातमोज्यांच्या आतल्या पावडरीचा आणि साबणाचा. मी कामाला लागले त्या दिवशी मी तिला 'मॅडम' म्हटलं, तर म्हणाली, आत्या म्हण, सगळे म्हणतात. मी म्हटलं, बरं आत्या, तुम्ही... तर म्हणाली, आत्याला कोणी अहो-जाहो करतं का गं, तुझ्या पप्पांना मी राखी-बिखी बांधायला येणार नाहीये, घाबरू नकोस. आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्याच चर्चची ती, उपासनेला तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आड बसायची, म्हणजे उपदेशात डुलकी लागली तर पाळकसाहेबांना दिसायला नको, हे तिचंच म्हणणं. कामावर ती देवाचं एक अक्षर बोलायची नाही. मी तेव्हा नवी नवी, उत्साही, पेटीवर बायबलच्या वचनाचं स्टिकर, डब्यावर वचनाचं स्टिकर, ती बघायची आणि म्हणायची, चिमटा उघडून घास आधी, सांध्यात रक्त राहिलंय. तिचं एकच सांगणं, हत्यार धुताना असं समजायचं की हे उद्या आपल्या सख्ख्या माणसाच्या पोटात जाणार आहे. बस. एवढाच तिचा उपदेश, आणि तो ती रोज पाळायची. आणि एकदा, मला कामाला लागून तीनच महिने झाले असतील, मी एक संच पाठवला आणि त्यात एक चिमटा कमी गेला. सर्जन स्वतः खाली आले, लाल झालेले, कोणी मोजलं हे म्हणून, तर आत्या हात पुसत पुढे झाली आणि म्हणाली, मोजणी माझी होती साहेब. ती तिची नव्हती. दहा मिनिटं तिने बोलणी खाल्ली, ते गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, पुढच्या वेळी दोनदा मोज. आणि मी काय केलं माहितीये? घरी जाऊन मी अस्वस्थ झाले. मला वाटलं, आत्या खोटं बोलली. माझ्यासाठी का होईना, खोटंच ना ते. रात्री अंथरुणात मी त्यासाठी क्षमा मागितली, माझ्यासाठी नाही गं, तिच्यासाठी.

हसू नकोस. आमच्या घरात सगळे असेच आहेत. पप्पा शिंपी, आणि त्यांची ख्याती अशी की ते गिऱ्हाइकाला खरं सांगतात. हा रंग तुम्हाला शोभत नाही. हे कापड दुसऱ्या धुण्यात आटणार. तुमचं पोट मागच्या वेळेपेक्षा दोन बोटं पुढे आलंय. लोक म्हणायचे, माणूस काय प्रामाणिक, आणि कपडे शिवायला दुसरीकडे जायचे. मी तिसरीत होते तेव्हा शेजारच्या मुलीच्या वहीत बघून मी गणित उतरवलं, आणि जेवताना सहज बोलून गेले, तर पप्पांनी घास खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याबरोबर आले. वर्गासमोर मी सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी मला जवळ घेतलं, सगळ्यांना म्हणाल्या, बघा, याला म्हणतात धैर्य, आणि माझ्या वहीवर लाल शाईने चांदणी काढली. ती चांदणी मी कितीतरी महिने बघायचे. आणि गंमत सांगू, फोन कानाला लावून उभी असताना, इतक्या वर्षांनी, मला पहिल्यांदा आठवलं की त्याच तासाला त्या शेजारच्या मुलीला दोन छड्या बसल्या होत्या, वही दाखवली म्हणून. तिचे हात आठवले, काखेत दाबून धरलेले. तिचं तोंड नाही आठवत. मी चांदणीकडे बघत असणार.

तर आत्या. गेल्या वर्षी तिच्या आईचं विसरणं फार वाढलं. आई तिला ओळखायची नाही, आंघोळ घालताना विचारायची, बाई, तुमची आई कुठे असते? आत्या सांगायची, इथे जवळच असते. सकाळी आईला आंघोळ घालून, खाऊ घालून, शेजारणीच्या ताब्यात देऊन ती साडेसातला कामावर यायची, आणि ती शेजारीण आठवडाभर गावाला गेली. पहिले चार दिवस आत्याला यायला आठ वाजले. आता हे नीट ऐक, यातच सगळं आहे. आमच्याकडे रोज सकाळी पहिली फेरी मशीन रिकामं चालवायचं असतं, आत फक्त एक तपासणीचा कागद, त्यावर फिकट नक्षी असते, वाफ सगळीकडे सारखी पोचली तर नक्षी एकसारखी काळी होते. कागद बघायचा, वहीत चिकटवायचा, वेळ लिहायची, सही करायची, आणि मगच हत्यारं आत. अर्धा तास जातो. साडेआठला पहिलं ऑपरेशन. तर त्या चारही दिवशी आत्याने रिकामी फेरी केलीच नाही, तो कागद हत्यारांबरोबरच आत घातला. चारही दिवस कागद काळा निघाला, स्वच्छ, एकसारखा, आणि काळा नसता तर तिने तो संच कधीच वर पाठवला नसता, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. पण वहीत तिने वेळ साडेसातची लिहिली. चार दिवस, चार खोट्या वेळा. कोणाला खरचटलंही नाही. माझी त्या आठवड्यात दुपारची पाळी, मला पत्ताही नव्हता.

तिनेच सांगितलं. बुधवारी दुपारी, कापडांच्या खोलीत, आम्ही दोघी तिथे डबा खायचो, इस्त्री केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून, उबदार असायचे ते. तिने डबा उघडला नाही. म्हणाली, मला झोप नाही गं चार दिवस. सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच, कमी नाही, जास्त नाही, आईचं कारण तर शेवटी, तेही मी विचारलं म्हणून. म्हणाली, सोमवारी मेट्रनबाईंना स्वतः जाऊन सांगणार आहे, उद्यापासून रजा टाकलीये, शनिवारपर्यंत शेजारीण परत येतेय, तिचं एकदा पक्कं झालं की जाते, म्हणजे त्यांनी विचारलं की पुढे काय, तर उत्तर तरी असेल माझ्याकडे. आणि मग म्हणाली, आधी कोणाजवळ तरी मोठ्याने बोलायचं होतं. तुझ्याजवळ बोलले. मी तिचा हात धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी आत कुठेतरी एक छोटी गोष्ट झाली, जसं पिशवीत हात घातल्यावर न आठवणारं काहीतरी छान हाताला लागतं, तसं. आत्याने मला निवडलं. एवढी मोठी गोष्ट आता माझ्याजवळ होती.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या संघाची सभा असते, हॉलमध्ये, गोल करून खुर्च्या, गिटारवर दोन गाणी, आणि मग प्रार्थनेच्या विनंत्या. एकेकाने आपली विनंती सांगायची. तुला माहीत नाही हा काय प्रकार असतो, तिथे एक न बोललेली चढाओढ असते. कोणाचा भाऊ दारू पितो, कोणाच्या वहिनीचं मूल राहत नाही, एकीचं तर लग्न मोडलं तेव्हा आम्ही दोन महिने तिच्यासाठी प्रार्थना करत होतो. आणि माझं काय, तर परीक्षा, मम्मीचा गुडघा, परीक्षा. माझी पाळी आली की लोक हळूच घड्याळ बघायचे. त्या दिवशी माझी पाळी आली आणि मी म्हटलं, मला एका व्यक्तीसाठी विनंती करायचीये. मी नाव घेणार नाही. माझ्या आवाजात एक कंप आला, तो मी आणला की आपोआप आला ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, माझ्याच कामाच्या ठिकाणची एक बहीण, खूप विश्वासू, पण घरच्या ओझ्यामुळे, म्हाताऱ्या आईमुळे, तिच्या हातून वहीत खोटी नोंद झालीये, तपासणी न करता वेळ लिहिली गेलीये, तिला कबूल करायचं बळ मिळावं. एक मुलगी हुंदका देऊन रडली. गिटारवाल्याने हलकेच एक तार छेडली. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात, काय सांगू तुला, तो हात अगदी वहीवरच्या लाल चांदणीसारखा होता. नाव मी घेतलं नव्हतं. आमच्या मंडळीत त्या विभागात काम करणाऱ्या दोघीच, मी आणि आत्या. आणि माझी आई काही म्हातारी नाही.

गोलात मेट्रनबाईंची सून बसली होती. भली मुलगी, तिच्यावर राग नाही माझा, तिने चहाडी-बिहाडी काही केली नाही. तिने घरी जाऊन रात्रीच्या प्रार्थनेत सासूला सांगितलं, आत्यासाठी खास प्रार्थना करूया, वहीतल्या त्या नोंदीमुळे ती मोठ्या परीक्षेतून जातेय. शनिवारपर्यंत आत्यासाठी अकरा जण प्रार्थना करत होते, मी नंतर मोजले. अकरा. एकानेही तिला फोन करून विचारलं नाही की बाई, आईला बघायला मी येऊ का दोन दिवस. मला स्वतःलाही सुचलं नाही गं. माझी दुपारची पाळी होती, सकाळ माझी मोकळी होती, मी त्या वेळात काय करत होते माहितीये, शांत वेळ. बायबल उघडून, खिडकीत बसून, शांत वेळ.

सोमवारी आत्या इस्त्रीचे कपडे घालून आली होती. केस नीट, नाकावर थोडी पावडरसुद्धा. साडेनऊला ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली, आणि टेबलावर आमची वही आधीच उघडी होती, आणि शेजारी मशीनमधून निघणारी कागदाची पट्टी, ज्याच्यावर मशीन आपली वेळ आपणच छापतं, आणि मेट्रनबाईंनी चार ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. हे मला दाराशी बसणाऱ्या शिपायाने सांगितलं, दार नीट लागत नाही त्या खोलीचं. आत्या म्हणाली, मी आज हेच सांगायला आले होते. मेट्रनबाई म्हणाल्या, 'पकडले गेल्यावर सगळेच सांगायला आलेले असतात.' तू हे वाक्य जरा धरून ठेव. कारण यात मेट्रनबाईंची काही चूक नाही. त्यांच्या जागी कोणीही असतं तर हेच म्हणालं असतं. आत्याकडे एक गोष्ट होती, एकच, स्वतःहून जाऊन सांगणं, तिच्यासाठी तिने चार रात्री झोप घालवली होती, शेजारीण ठरवली होती, कपड्यांना इस्त्री केली होती, आणि ती तिच्याआधी मी जाऊन बोलून टाकली होती, गिटारच्या साथीने. स्वतःहून सांगितलं असतं तर समज देऊन सोडलं असतं तिला, हे नंतर मेट्रनबाईच कोणाला तरी म्हणाल्या. तसं झालं नाही. दुपारी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

मी दोनला पोचले तेव्हा ती कपाट रिकामं करत होती. एक चप्पलजोड, हाताला लावायचं मलम, कंगवा, एक जुना टॉवेल. माझ्याकडे वळून म्हणाली, 'तू कोणाला बोललीस का गं?' रागाने नाही, आपण चाव्या कुठे ठेवल्या असं विचारावं तसं. आणि मी म्हटलं, 'नाही आत्या. मी फक्त प्रार्थना केली.' यात खोटं काय आहे, सांग. मी रात्री कितीदा तरी हे वाक्य उलटंपालटं करून बघितलंय, मशीनच्या पट्टीशी ताडून बघावं तसं, एक शब्द खोटा निघत नाही. आत्याने माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, तेवढंच पुरे. मग टॉवेलाची घडी केली, परत उलगडली, परत केली, आणि गेली.

त्यानंतरचं तुला थोडं माहीत आहे. सकाळच्या तपासणीचं काम माझ्याकडे आलं, मेट्रनबाई म्हणाल्या, तुझ्यावर विश्वास आहे. पप्पांनी मंडळीत सगळ्यांना सांगितलं. दोन रविवारांनी पाळकसाहेबांनी लहान गोष्टींतल्या प्रामाणिकपणावर उपदेश केला, नाव न घेता, आमच्यातल्याच एका तरुणीचं उदाहरण दिलं जी रोज सकाळी कोणी बघत नसताना काम चोख करते, आणि लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मला खांबामागून फक्त एक कोपर दिसत होतं, आत्याचं, स्वेटरचं विणलेलं कोपर, आणि ते उपासना संपेपर्यंत हललं नाही. त्यानंतर ती दुसऱ्या मंडळीत जायला लागली. लोक म्हणाले, लाज वाटत असेल. आम्ही त्यासाठीही प्रार्थना केली. आणि तू म्हणशील, मग तू जाऊन तिला सांगितलं का नाहीस. रोज सांगणार होते. कपड्यांना इस्त्री करायचेसुद्धा, शपथ. पण मग वाटायचं की हे सांगणं तरी कोणासाठी, तिच्यासाठी की माझ्या छातीवरचं ओझं उतरायला, आणि असा विचार सुचला की मी इतकी खूश व्हायचे, किती खोल विचार करते मी, की त्या खुशीतच तो दिवस निघून जायचा.

तर फोनवर त्या बाई वाट बघत होत्या. 'हॅलो, ऐकू येतंय ना?' ऐकू येत होतं. आणि मला काय बोलायचं होतं ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मी ते तुला आत्ता घडाघडा म्हणून दाखवते. की बाई, त्यांनी चार दिवस वेळ खोटी लिहिली, कारण हे, आणि एक संचही खराब गेला नाही, आणि कोणालाही कळलं नसतं, पण त्या स्वतःहून सांगायला निघाल्या होत्या, आणि त्यांच्या आधी ते मी फोडलं, आणि त्यांच्यासारखी हत्यारं धुणारी बाई तुम्हाला शोधून सापडणार नाही, डोळे मिटून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम. पूर्ण खरं. पण त्यात एक वाक्य होतं, मधलं, 'ते मी फोडलं', ते काढून बाकीचं बोलायला गेले तर बाकीचं उभंच राहीना, आणि ते ठेवून बोलायचं तर समोर ट्रॉलीपाशी नवी मुलगी कापडाच्या घड्या घालत उभी होती, जी मला ताई म्हणते, जिला मी रोज सांगते की हत्यार आपल्या सख्ख्या माणसासाठी समजून धुवायचं. आत्याचंच वाक्य, माझं म्हणून सांगते. नुसतं पहिलं सांगून थांबावं, खोट्या वेळेचं, तर ती नोकरी तिथेच संपली. काहीच झालं नाही म्हणावं, तर मी खोटं बोलत नाही. बघ ना, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हेच, मी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, 'कामाला त्या फार चोख आहेत. का गेल्या, त्याबद्दल मात्र मी काही बोलू इच्छित नाही.' त्या बाई म्हणाल्या, 'समजलं. थँक यू हं, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत.' आणि फोन ठेवला. मी परत कात्र्या मोजल्या. सात होत्या. पहिल्यापासून सातच असणार.

संध्याकाळी सहाला, मी बसस्टॉपवर उभी होते, तर मोबाइल वाजला. आत्या. दीड वर्षात पहिल्यांदा. मागे नळ सोडल्याचा आवाज, आणि तिची आई कोणाशी तरी बोलत होती, बहुतेक कोणाशीच नाही. आत्या म्हणाली, त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतलं गं. मी म्हटलं, अरेरे. अरेरे म्हणाले मी, खरंच. मग ती म्हणाली, 'मला माहितीये हं, तुझ्या त्या गोलातलं. मेट्रनबाईंची सून आली होती माझ्याकडे, मी सोडलं त्याच आठवड्यात. खूप रडली बिचारी. मीच चहा करून दिला.' बस आली, लोक चढले, बस गेली. मला फक्त एवढंच विचारता आलं, 'मग तू माझं नाव का दिलंस, आत्या?' तर म्हणाली, 'दुसऱ्या कोणाचं दिलं असतं तर नोकरी मिळाली असती, हे मला कळत नव्हतं का. पण वाटलं, तुला एकदा सगळं बोलून टाकायला मिळेल. मलाही एकदा ऐकायचं होतं, कोणाच्या तरी तोंडून, पूर्ण.' मग तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बादली असेल, आणि तिची आई ओरडली, बाई, पाणी गार झालं, आणि आत्या तिला म्हणाली, आले, आले. मला म्हणाली, थांब जरा, ठेवू नकोस, आणि फोन कुठेतरी ठेवून गेली.

आणि मी थांबले. ऐकत होते. पाण्याचा आवाज, तांब्या बादलीवर आपटल्याचा, म्हातारी काहीतरी कुरकुरतेय, आत्या हसतेय, हात वर कर म्हणतेय. पाच मिनिटं, सात मिनिटं. ती परत येऊन फोन उचलणार आणि मी बोलायचं, एवढंच होतं, तिने तर जागाही करून दिली होती, थांब म्हणाली होती. आणि माझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली, गं. चांगली वाक्यं. पश्चात्तापाची, एकापुढे एक, सुरुवात कशी करायची, आवाज कुठे थांबवायचा, आणि त्या एका ठिकाणी मला ऐकू आलं की माझा आवाज कापेल, अगदी तसाच, आणि मी फोन बंद केला. तिला परत लावलाही नाही. तिने लावला, एकदा. वाजू दिला. मग बसमधून उतरले ती सरळ तुझ्याकडे आले, आणि तिला सांगायचं ते सगळं तुला सांगून बसले. तू अशी बघू नकोस माझ्याकडे. बरं, बघ. पण सांग मला, खांद्यावर हात न ठेवता सांग. फोन हातात आहे, पलीकडे ती आईचं अंग पुसतेय, आत्ता येईल, आत्ता उचलेल. तू काय केलं असतंस?